कॉइलला फुटलेला घाम

बाईंच्या गोदामात येणाऱ्या माणसाला दोन गोष्टी मिळायच्या, पत्रा आणि अपमान. पत्रा काट्यावर तोलून मिळायचा. अपमानाला वजनमाप नव्हतं, तो हात सैल सोडून.

"गॅल्व्हनाइज्ड म्हणजे गंजतच नाही ना हो?" एखादा बिचारा विचारायचा.

"तुम्ही म्हातारे होतच नाही का हो?" बाई चष्म्यावरून बघायच्या. "लोखंडाला जस्ताचा मुलामा आहे. आधी जस्त झिजतं, मग लोखंडाची पाळी येते. तोवर तुम्ही-आम्ही असलो तर भेटू. पुढचे कोण?"

"याला चुंबक चिकटेल का?"

"चिकटेल. आत लोखंड आहे, भोपळा नाही."

"मग हे स्टेनलेस नव्हे?"

"स्टेनलेस हवं होतं तर इकडे कशाला पाय मोडत आलात?"

गिऱ्हाईक ओशाळून हसायचं आणि तरी माल घेऊन जायचं, कारण माल अस्सल असायचा. नवरा गेला तेव्हा सगळ्यांनी बाईंना सांगितलं होतं, विकून टाका, हे बाईमाणसाचं काम नाही. सांगणाऱ्यांपैकी निम्म्यांना बाईंनी पुढे पाणी पाजलं आणि उरलेल्या निम्म्यांनी आपण होऊन यायचं सोडलं. एकट्या बाईने हे गोदाम उभं ठेवलं ते जिभेच्या आणि दातांच्या जोरावर. एकदा तोंडाला धार लावली की ती घरी काढून ठेवता येत नाही, ही मात्र अडचणच.

घरी कोण? लेक. एकुलती एक, कामाला वाघीण, दिवसभर काउंटरवर आईच्या शेजारी. आई ज्याला तोडायची त्याला ही चहा देऊन सांधायची. रात्री दोघी समोरासमोर बसून जेवायच्या, भांडायच्या आणि एकाच खोलीत झोपायच्या. बाईंच्या आयुष्यात तेवढीच एक ऊब होती, आणि ते बाईंना पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच एका रात्री ताट सारून लेक म्हणाली, "आई, मी लग्न करतेय," तेव्हा बाईंनी हातातली पोळी तशीच ताटात टाकली.

"कुणाशी?"

"मशीनवाल्याशी."

मशीनवाला म्हणजे त्यांचाच माणूस. कॉइल, म्हणजे पत्र्याची भली मोठी गुंडाळी, उलगडून तिच्या पट्ट्या कापायचं मशीन तो चालवायचा. मितभाषी, निर्व्यसनी, हाताला स्थिर. नाव ठेवायला जागाच नव्हती, आणि बाईंना राग आला तो त्याचाच. दारुडा असता तर दोन मिनिटांत निकाल लागला असता.

'नाही' म्हणायची सोय नव्हती. लेक आईवर गेलेली. 'नाही' ऐकलं असतं तर दुसऱ्याच दिवशी बॅग भरून निघाली असती. तिनेच ठरवलं पाहिजे की हा नको. तिच्याच तोंडून यायला हवं.

"चांगला आहे की मुलगा," बाई म्हणाल्या. लेकीचा कानांवर विश्वासच बसेना. "पण जरा थांब. नवा माल येतोय, तो त्याच्या हवाली करते. माणूस कसा आहे ते मलाही कळू दे."

लेकीने उठून आईच्या गळ्यात हात टाकले. आता बघा, त्या क्षणी तरी बाईंना लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. डोक्यात चक्र केव्हाच सुरू झालं होतं.

गोदामात एक रीत होती. थंडीच्या दिवसांत माल रात्रभर उघड्या ट्रकमधून यायचा आणि बर्फासारखा गार व्हायचा. आत शेडमध्ये हवा उबदार आणि दमट. अशा वेळी कॉइलवरचं प्लास्टिकचं आणि कागदाचं वेष्टन लगेच काढायचं नाही. काढलं की फ्रीजमधून बाहेर काढलेल्या बाटलीसारखा तिला घाम फुटतो, आणि ते पाणी पत्र्याच्या वेढ्यावेढ्यांत शिरून बसतं. वरून पुसलं तरी आतलं निघत नाही. मग चमकत्या पत्र्यावर पिठासारखा पांढरा गंज धरतो. म्हणून आलेला माल शेडच्या उबेला येईपर्यंत आधी निजू द्यायचा. म्हातारा क्रेनवाला तळहात लावून बघायचा आणि "उठली" म्हणाला की मगच वेष्टनाला हात. झाडूवाल्यालासुद्धा हे पाठ होतं.

माल आला ती सकाळ चांगलीच गारठ्याची होती. क्रेनवाल्याने कॉइली उतरवल्या आणि तो चहाला गेला. लेक काउंटरवर होती. बाई शेडमध्ये आल्या.

"पहिल्या कॉइलचं वेष्टन काढ," त्या मशीनवाल्याला म्हणाल्या. "गिऱ्हाईक येतंय बघायला."

त्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "बाई, आत्ताच उतरलाय माल. हात लावून बघा, किती गार आहे."

"मला शिकवतोस?"

"तसं नाही. उद्या सकाळी काढतो ना. एका रात्रीचा तर प्रश्न आहे."

"या घरात यायचंय ना तुला?" बाईंचा आवाज एकदम मऊ झाला, आणि तो मऊ झाला की जुनी माणसं घाबरायची. "आमच्या घरात माझा शब्द कुणी मोडत नाही. तुला मोडायचा असेल तर आत्ताच सांग, म्हणजे लेकीला तसं कळवते."

तो कॉइलकडे बघत राहिला. काउंटरच्या बाजूने लेकीचं हसू ऐकू येत होतं, ती कुणाला तरी चुंबकाचंच समजावत होती. त्याने कात्री उचलली आणि वेष्टन फाडलं.

बघता बघता पत्रा धुरकटला, मग त्यावर थेंब धरले, आणि थेंब कडेने ओघळून वेढ्यांच्या फटींत दिसेनासे झाले. मशीनवाला फडकं घेऊन धावला.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "गिऱ्हाईक येत नाहीये म्हणे. होती तशी गुंडाळून ठेव. घट्ट."

ओली कॉइल गुंडाळायची म्हणजे आतलं पाणी आतच कोंडायचं. हे त्यालाही कळत होतं आणि बाईंनाही. त्याने एकदा बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग कॉइल गुंडाळली. घट्ट.

बाई खूश व्हायला हव्या होत्या, झाल्याही. पण खरं सांगायचं तर आत कुठेतरी त्यांना त्या माणसाची किळसही आली. एवढा कसला नंदीबैल!

पुढच्या आठवड्यात ती कॉइल मशीनवर चढवायची पाळी आली. बाईंनी लेकीला मुद्दाम हाक मारली, "ये गं, तुझ्या माणसाचं काम बघ." लेक कौतुकाने येऊन उभी राहिली. क्रेनवाल्याने कॉइल बसवली, वेष्टन निघालं, आणि दोन वेढे उलगडताच आतून पांढरं पीठ उडालं. पत्रा कुष्ठ झाल्यासारखा डागाळला होता.

"अरे देवा!" क्रेनवाल्याच्या तोंडून निघालं. "ही तर ओली गुंडाळली कुणीतरी."

"कुणी गुंडाळली?" बाईंनी विचारलं.

"मी," मशीनवाला म्हणाला.

लेकीचा चेहरा उतरला. "तू? तुला माहीत नाही?"

"माहीत आहे."

"मग?"

त्याने मान खाली घातली. बाईंचं नावही त्याने घेतलं नाही, आणि बाईंना नेमकं हेच हवं होतं. त्या दोन पावलं पुढे आल्या.

"तो नाही सांगायचा. मी सांगते. मी काढायला लावलं आणि मीच गुंडाळायला लावलं. मुद्दाम."

"आई!"

"ओरडू नकोस, ऐक. एक कॉइल भंगारात गेली, जाऊ दे, मला परवडलं. चुकीचं आहे हे माहीत असून हा माझ्या एका शब्दावर करतो. अशा माणसाच्या गळ्यात पडणार तू? उद्या मी म्हटलं, हिला टाक, तर हा टाकेल. पटत नाही? थांब, दाखवतेच." बाई त्याच्याकडे वळल्या. "अरे ए, हातमोजे काढ. चालता हो. आणि माझ्या लेकीला पुन्हा तोंड दाखवू नकोस."

मशीनवाल्याने लेकीकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. ती आईकडेच बघत होती, जणू हिला आजच पहिल्यांदा बघतेय. त्याने हातमोजे काढले, मशीनवर नीट ठेवले, डबा उचलला आणि मोठ्या दारातून निघून गेला.

"बघितलंस?" बाई म्हणाल्या. आवाजात विजय मावत नव्हता. "बघितलंस तुझा पुरुष? मेला शेळपट!"

लेक हळूहळू खाली बसली, कॉइलखाली लावायच्या लाकडी ओंडक्यावर. रडेल असं बाईंना वाटलं. रडली की जवळ घ्यायचं, हेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

"मीच सांगितलं होतं त्याला," लेक म्हणाली.

"काय?"

"की आई काहीही बोलली, कसंही वागली, तरी तिला उलट बोलायचं नाही. तिला आपल्याशिवाय कुणी नाही, म्हटलं. तिच्या मनासारखं वाग. भाड्याची खोली बघू नकोस, आपण आईजवळच राहायचं, मी तिला एकटं टाकणार नाही. लोक घरजावई म्हणून हसतील म्हटलं, तर तो म्हणाला, हसू देत." ती उठली आणि तिने हात झटकले. हाताला पांढरं लागलं होतं. "अक्कल कमीच त्याला, तुझं खरं आहे. मी म्हटलं ते अक्षरन् अक्षर धरून बसला."

बाईंनी काहीतरी बोलायला हवं होतं, साधंच काहीतरी, चुकलं म्हण, थांब म्हण, दोन शब्दांचं काम. पण उभा जन्म ज्या जिभेने दुसरं काही केलंच नाही, ती ऐनवेळी कुठून वळणार?

लेकीने खुंटीवरची शाल घेतली.

"कुठे निघालीस?"

"त्याला गाठते."

"गेलीस तर परत येऊ नकोस!" बाई ओरडल्या. ही धमकी घरात शंभरदा झालेली. शंभरदा लेक यावर भांडलेली, दार आपटून बाहेर गेलेली आणि जेवायच्या वेळेला परत आलेली.

आज ती भांडली नाही. दारात थांबून तिने मागे बघितलं. तिचे डोळे कोरडे होते.

"बरं, आई," ती म्हणाली, आणि गेली.

तिच्या चपलांचा आवाज फाटकापर्यंत येत होता. क्रेनवाला पुढे झाला. त्याने या मुलीला कॉइलींमध्ये लपाछपी खेळताना बघितलं होतं.

"बाई, अजून फाटकातच आहे. हाक मारू का तिला?"

"काही गरज नाही," बाई म्हणाल्या.

त्यांना वाटलं, हा म्हातारा तरी ऐकणार नाही, हा तरी धावेल. पण तोही बाईंच्याच हाताखाली मुरलेला. त्याने मान डोलावली आणि क्रेनचा दोर आवरायला घेतला.