निळ्या पट्ट्या

बायको रंभा गेल्याचा फोन आला तेव्हा भिकाजी शारजात तिच्यासाठीच शीतलबाबांच्या रांगेत उभा होता. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये साठ माणसं. बाबा पाण्यात भस्म टाकत, पाणी फसफसे, लोक हात जोडत. बाबांच्या व्हिसावर 'टायर फिटर' लिहिलेलं होतं. पण देवाला व्हिसा कोण विचारतो?

मधुमेह्याच्या लघवीत कागदी पट्टी बुडवली की तपकिरी होते. बाबांचं तीर्थ पिऊन बुडवली की निळीच राहायची. बाबा समजावत, "गोऱ्याचं रक्त वेगळं, आपलं वेगळं. त्याला इंजेक्शन, आपल्याला तीर्थ. यल्ला, पुढे चला."

रंभा दुबईत एका गोऱ्या साहेबाकडे घरकाम करायची. मधुमेह साहेबालाही होता. त्याची इंजेक्शनं फ्रिजच्या दारात तीच लावून ठेवायची. त्याच्याकडे कंपनीचं मेडिकल कार्ड होतं, तिच्याकडे नव्हतं. डॉक्टरची एक भेट शंभर दिरहम, म्हणजे दोन हजारांवर रुपये. एवढं ऐकल्यावर वेगळ्या रक्ताची गोष्ट कोणालाही पटते. निळ्या पट्ट्या ती कॅलेंडरवर चिकटवायची. शेवटचा महिना अख्खा निळा होता.

हॉस्पिटलनं कागदावर लिहून दिलं, रक्तातली साखर फार वाढली होती.

भिकाजीनं कॅलेंडर आणि उरलेलं भस्म उचललं आणि शेजारच्या कुलसुमकडे नेलं. ती रत्नागिरीची, लॅबमध्ये कामाला. तिनं भस्म चाखलं, आंबट लागलं, तशी तिनं बाबांचा पत्ता विचारला.

पुढच्या शुक्रवारी ती त्याच्याबरोबर बाबांकडे गेली. सगळ्यांदेखत तिनं दोन ग्लास पाण्यात थोडी ग्लुकोजची पूड घातली. एकात पट्टी तपकिरी झाली. दुसऱ्यात बाबांचं भस्म टाकलं, पट्टी निळीच. लोकांनी सवयीनं हात जोडले.

"साखर मी तुमच्यासमोर घातली," ती म्हणाली. "मग काढली कोणी?"

मग तिनंच सांगितलं: व्हिटॅमिन सीच्या फसफसणाऱ्या गोळ्या कुटल्या की झालं भस्म. ते पाण्यात असो की पिऊन लघवीत उतरलेलं, पट्टीचा रंग बदलत नाही, साखर जागच्या जागी राहते.

"रक्ताच्या गोष्टी तुला कळायच्या नाहीत, माई," बाबा म्हणाले.

"मला कळतात," भिकाजी म्हणाला. "साहेबाचं आणि माझ्या बायकोचं दुखणं एकच होतं, बाबा. साहेब काल गोल्फ खेळून आला."

बाबा आता शेजारच्या अजमानला असतात म्हणे. तिथे पाणी फसफसलं तर हात जोडण्याआधी विचारा, साखर गेली कुठे? आणि हेही विचारा, की एकाच घरात एकाला डॉक्टर आणि दुसरीला तीर्थ, हे कोणी ठरवलं? रक्तानं तर नाही.

त्या रांगेतल्या अकरा मोलकरणींना मेडिकल कार्ड अजून मिळालेलं नाही.