नोलामालाच्या गाईचा पान्हा

नैरोबीहून आलेले डॉक्टर गिथिंजी फार हुशार, हे आम्हाला त्यांनीच सांगितलं. गोचिडांच्या तापावर नवी लस निघाली होती आणि ती आम्हा मासाईंच्या वासरांवर पडताळून बघायची होती. मी त्यांचा कंपाउंडर, म्हणजे वासरं धरायची, ताप मोजायचा आणि मान डोलवायची. निम्म्या वासरांना लस, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, ते लॅपटॉप ठरवणार. मालकांना एवढंच सांगितलं की सगळं तुमच्या भल्याचं आहे. डोंबलाचं भलं.

नोलामाला माझ्या मित्राची बायको. तो गुरं घेऊन लांब चराईला गेलेला. घरी एकच दुभती गाय, तिचं वासरू आणि सात महिन्यांची मुलगी. नोलामालाचं स्वतःचं दूध आटलेलं, त्यामुळे पोर त्या गाईवरच जगत होती. तिच्या वासराच्या नशिबी मिठाचं पाणी आलं असणार, कारण तिसऱ्या आठवड्यात त्याच्या कानाखाली गाठी आल्या आणि अंग भाजायला लागलं.

औषध माझ्याच पेटीत होतं. डॉक्टर म्हणाले, थांबायचं. सलग तीन दिवस ताप राहिला तरच सुई टोचायची, तसा नियम आहे. मी म्हटलं, तोवर वासरू जाईल. त्यावर त्यांनी मला विज्ञान म्हणजे काय ते मोठ्या प्रेमाने समजावलं. आणि मीही असा दीडशहाणा, की नोकरी जाईल म्हणून गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी सकाळी वासरू गेलं.

आमच्याकडची गाय वासरू समोर नसेल तर पान्हा सोडत नाही. वासरू मेलं तर त्याचं कातडं काढायचं, मीठ चोळायचं आणि तिच्यापुढे धरायचं. ती चाटते आणि दूध उतरतं. नोलामालाने तेवढं कातडंच मागितलं. पण डॉक्टरांना तपासणीसाठी वासरू अख्खं हवं होतं. कौतुकाची गोष्ट म्हणजे त्यांनी ते स्वतः उचललं, अंगातल्या खाकी जाकिटाची पर्वा न करता छातीशी धरून गाडीपर्यंत नेलं. तपासून झाल्यावर जाळून टाकलं, कातड्यासकट.

दोन दिवस गाय हंबरत राहिली, पण थेंब दिला नाही. शेजारणींनी घोट-घोट दूध दिलं, पण ऐन उन्हाळ्यात त्यांच्याकडे तरी कुठलं असणार? तिसऱ्या दिवशी डॉक्टर त्याच खाकी जाकिटात आले. सांत्वनाला नव्हे, वासरू मेल्याच्या कागदावर नोलामालाचा अंगठा घ्यायला. पुढच्या वासराला लस फुकट देऊ म्हणाले.

“पुढचं वासरू व्हायला वर्ष जाईल, डॉक्टर,” ती म्हणाली. “पोर आज रडतेय.”

तेवढ्यात गाय पुढे आली. तिने डॉक्टरांच्या छातीला नाक लावलं, हुंगलं आणि जाकीट चाटायला लागली. डॉक्टर मागे सरकले, तर गाय पुढे. तिच्या सडांतून दूध ठिबकायला लागलं. नोलामालाने कागद टाकला, भोपळ्याचा तुंबा ओढला आणि खाली बसली.

“हलू नका,” ती म्हणाली. “वासराची जागा तुम्हीच रिकामी केलीत. उभे राहा आता तिथे.”

राहिले उभे. गाईने जाकिटावरून हनुवटीपर्यंत मजल मारली, तरी जागचे हलले नाहीत. तुंबा अर्धा भरला. पोर आवाज करत प्यायली, मग झोपली. इतक्या दिवसांत डॉक्टर पहिल्यांदाच कुणाच्या उपयोगी पडले.

नोलामालाने त्यांना रोज यायला सांगितलं. त्यांना नैरोबीत मीटिंग होती. पण त्यांनी शब्द दिला, की उद्या सकाळी ड्रायव्हरबरोबर हे जाकीट नक्की पाठवतो, कायमचं ठेवून घे.

शब्द पाळला त्यांनी. सकाळी गाडी आली. नोलामाला पोरीला पाठीशी बांधून, तुंबा घेऊन तयारच होती. ड्रायव्हरने पिशवीतून जाकीट काढून दिलं. स्वच्छ धुतलेलं, वर कडक इस्त्री. तिने ते गाईपुढे धरलं. गाईने साबण हुंगला आणि तोंड फिरवलं.