बाटली माझ्यामुळे नासली

मी एक बूच. वाइनच्या बाटलीच्या गळ्यात ठोकलेलं, झाडाच्या सालीचं. ही ओळख सांगतानाही आता मान खाली जाते.

साल सोलून, उकळून, वाळवून मला कापलं. तिच्यातल्या बुरशीचा वास माझ्या अंगात मुरला होता. कुणाला कळला नाही, मलाही नाही. मग मी एका वाइनरीत आलो. तिथं बाप-लेकीची रोज जुंपायची.

"बाबा, फिरकीचं झाकण लावू या. बुचाचा काय भरवसा?"

"फिरकीचं? वाइन आहे ती, खोकल्याचं औषध नव्हे!"

बापाचंच चाललं आणि मला बाटलीत ठोकलं. आतली वाइन मात्र लेकीची, तिनं स्वतः केलेली पहिली. आडव्या बाटलीत ती मला टेकून मुरत राहिली आणि मी तिला नासवत राहिलो.

एके दिवशी हॉटेलांसाठी वाइन निवडणाऱ्या बाई आल्या. त्यांनी पसंत केली, तर वाइनरी लेकीच्या हाती जायची होती. पण आपल्या वाइनची पारख होताना करणाऱ्यानं समोर थांबायचं नाही, अशी त्या घराची रीत. लेक बाहेर गेली.

मला उपटलं. बाईंनी घोट घेतला.

"टॅनिन छान आहे," म्हणाल्या. कडक चहानं जीभ कोरडी पडते ना, तोच गुण. "बॉडीही आहे." म्हणजे तोंड भरल्यासारखं वाटतं. "पण फळाचा गंध कुठाय? ओल्या पुठ्ठ्यासारखी लागतेय."

शब्द सगळे तोंडपाठ! पण याला 'कॉर्क्ड' म्हणतात, हा दोष बुचाचा, तेव्हा दुसरी बाटली मागायची, एवढं बाईंना ठाऊक नव्हतं. बुचाचा चुरा तरंगला की कॉर्क्ड, असंच पुष्कळांना वाटतं.

बापानं घोट घेतला. त्याला तत्काळ कळलं. माझ्याकडे पाहिलं, मला मुठीत लपवलं आणि म्हणाला, "पोरीचा पहिलाच हात आहे. समजून घ्या."

करून गेला गाव आणि दुसऱ्याचंच नाव! त्या मुठीत मी शरमेनं मेलो. बाई नको म्हणून निघून गेल्या.

लेक आत आली. पेला हुंगला, बूच कुठं दिसेना तशी बापाची मूठ उघडली, मला गरम पाण्याच्या ग्लासात टाकून वर बशी झाकली. थोड्या वेळानं बशी उचलली, तर भपकन ओल्या पुठ्ठ्याचा वास.

"बाबा, हे तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं होतं."

"मग?"

"बुचाचा हट्ट माझा होता ना."

"आणि नाव माझं गेलं! त्यांना फोन करा. म्हणावं, दुसरी बाटली उघडतो, परत या."

"आता कुठल्या तोंडानं सांगू गं?"

ती निघून गेली. मी अजून त्या ग्लासात तरंगतोय. पाणी निवलंय. शेजारी फोन तसाच पडलाय आणि बाप त्याच्याकडे नुसता बघतोय.

वाचकहो, एखादी बाटली अशी निघाली, तर करणाऱ्याला नावं ठेवण्याआधी दुसरी उघडून बघा. आणि बाबा, मला तोंड नाही, म्हणून मी गप्प राहिलो. तुम्हाला आहे. करा फोन.