खुडलेली मोरस

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात कोळीवाड्याच्या गोड्या तळ्यातले मासे मेले आणि कोळणी कांजूरमार्गच्या रंगाच्या कारखान्याच्या फाटकाशी येऊन बसल्या. रंग तयार करायला पोती पोती मीठ लागे, ते सांडपाण्यातून नाल्यात आणि नाल्यातून थेट तळ्यात जाई. मॅनेजर चंद्रप्रकाश यांनी प्रयोगशाळेतल्या वनमालेला बोलावून, काहीतरी उपाय काढा, असं सांगितलं.

वनमालेची झोप उडाली. आठवडाभर ती नाल्याच्या काठाने नुसती हिंडत राहिली. एकदा ती पार खाडीच्या काठापर्यंत गेली, तिथे तिला त्या कोळणींतली सोनूबाई भेटली. खारट चिखलात बसून ती जाड, रसरशीत पानांची भाजी खुडत होती. मोरस म्हणतात हिला, ती म्हणाली, हिच्यात वरून मीठ घालावं लागत नाही. वनमालेने एक पान चावून पाहिलं. ही चिखलातलं मीठ पिते, तर सांडपाण्यातलंही पिईल, असं मनाशी म्हणत तिने चिखलाच्या पायांनीच प्रयोगशाळा गाठली.

पाऊस सरल्यावर नाल्याच्या तोंडाशी तीन खड्डे खणून माळी दादूने त्यांत मोरस लावली. सांडपाणी या खड्ड्यांतून फिरूनच पुढे जायचं. वनमाला रोज दोन्ही टोकांचं पाणी बाटल्यांत भरून आणी आणि त्यातलं मीठ मोजी. कितीतरी दिवस फरक पडेना. जेवणाचा डबा तसाच परत जाई. पार्ल्याला घरी आई काही विचारी, तर ही भलतंच उत्तर देई. फेब्रुवारीत मात्र मीठ पाचव्या हिश्श्याने उतरलं. तिने तीनतीनदा मोजलं. वाळलेली मोरस जाळून पाहिली, तर राखही खारट लागली. साहेब खूश झाले आणि पाहुण्यांना खड्डे दाखवू लागले.

एका सकाळी मधल्या खड्ड्यातले शेंडे कुणीतरी नखाने खुडून नेलेले दिसले. कोळीवाड्यातल्या बायका नेतात, दादू सहज म्हणाला, इथली जास्त कोवळी असते ना. वनमाला बांधावरून धावतच सुटली.

सोनूबाईच्या चुलीवर कोळंबीचे सोडे घातलेली मोरस शिजत होती. ही भाजी खाऊ नका, वनमालेने धापा टाकत सांगितलं. पाण्यात मिठाबरोबर रंगाचंही काहीबाही असतं.

"तेपण ही पिते?" सोनूबाईने विचारलं.

"माहीत नाही. मी फक्त मीठच मोजलं."

सोनूबाईने टोप चुलीवरून उतरवला आणि भाजी उकिरड्यावर ओतून आली. "मंग आता ते मोज," ती म्हणाली. "पोरंबाळं पंधरा दिस खातायत."

ते मोजायची सोय कारखान्यात नव्हती. वनमालेने पानं पिशवीत भरून आपल्या जुन्या कॉलेजात नेली. तिथे चार दिवस ती व्हरांड्यात येरझारा घालत होती. पानांत रंगातलं विषारी द्रव्य सापडलं. थोडं, पण होतं. चंद्रप्रकाशांनी कॉलेजने दिलेला तपासणीचा कागद वाचून खणात टाकला. आपलं काम मिठापुरतं होतं, ते म्हणाले, अहवालात तेवढंच लिहा.

वनमालेने कागदाची नक्कल आधीच करून ठेवली होती. त्याच दुपारी तिने ती कोळीवाड्यातल्या देवळासमोर सगळ्यांना वाचून दाखवली. कोळणी पुन्हा फाटकाशी बसल्या, आणि या वेळी अकरा दिवस हलल्या नाहीत. शेवटी कारखान्याला नाला तळ्यापासून वळवावा लागला. खड्ड्यांना काटेरी तार लागली आणि कापलेली मोरस पोत्यांत भरून कुलपात ठेवायचं ठरलं. वनमालेकडे मात्र महिन्याच्या आत राजीनामा मागितला गेला.

तिला कॉलेजात नोकरी मिळाली. तरी वर्षभर दर शनिवारी ती कोळीवाड्यात जाई आणि ज्या ज्या घरात ती भाजी शिजली होती, तिथल्या पोरांची चौकशी करी. कुणाला उलटी, कुणाला पुरळ? सगळी ठणठणीत होती. सोनूबाई तिला चहा देई, आता पुरे झालं म्हणे. वनमाला मान हलवी, अर्धा चहा तसाच ठेवी आणि पुढच्या घराकडे वळे.