कापलेला कोपरा खिडकीकडे

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. 'जुना' म्हटल्यावर तुमच्या चेहऱ्यावर जो कळवळा येतो ना, तो आधी आवरा. मला कुणाची दया नको. माझी मान करकरते, माझा पंखा खोकतो, डाव्या बाजूचं झाकण दोनदा दाबल्याशिवाय बसत नाही, हे सगळं मला मान्य आहे. पण माझ्या नजरेबद्दल कुणी वेडंवाकडं बोललं, तर मी खपवून घेत नाही. एकदा तसं बोललं गेलं होतं, त्याचीच ही गोष्ट.

माझा जन्म अशा कारखान्यात झाला जिथे धुळीचा कण दिसला तरी लोक कपाळाला हात लावत. डोक्याला टोप्या, तोंडाला फडकी, हातात मोजे घातलेल्या कारागिरांनी माझं एकेक भिंग घासलं. शेवटचं भिंग एका वयस्कर कारागिराने उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिलं आणि शेजारच्याला म्हटलं, "हा खोटं बोलणार नाही." मग मला खोक्यात घातलं. ते शब्द माझ्या कानांत आहेत. मला कान नाहीत हे ठाऊक आहे मला, उगाच हसू नका.

खोकं उघडलं ते विद्यापीठाच्या सामाईक प्रयोगशाळेत. सामाईक म्हणजे सगळ्या विभागांची मिळून एकच. घरात एकच आरसा असला की सकाळी काय होतं ते तुम्ही जाणता, तेच तिथे दिवसभर चालायचं. वनस्पतीवाले यायचे, औषधवाले यायचे, माशांची पिल्लं घेऊन एक मासेवाला यायचा, आणि ज्याला घाई नाही असा एकही नसायचा. या सगळ्यांना ताळ्यावर ठेवायचं काम आमच्या ऑपरेटरचं. त्याला सगळे दादा म्हणत. दादा मला रोज पुसायचा आणि पुसताना आदल्या दिवशीच्या लोकांना मनसोक्त शिव्या घालायचा.

मी काय काम करतो तेही सांगतो. तळहाताएवढी एक पारदर्शक प्लेट असते, तिच्यात शेकडो इवल्या इवल्या खळग्या. प्रत्येक खळगीत जिवंत पेशी वाढवलेल्या असतात आणि प्रत्येक खळगीत वेगळं औषध घातलेलं असतं. पेशींना एक खास रंग लावलेला असतो. मी माझं पोट बंद करतो, आत काळोख करतो आणि पेशींवर एक निळा झोत टाकतो. रंग लागलेला भाग लगेच हिरवा चमकून उत्तर देतो. मी त्याचा फोटो काढतो आणि आपणहून पुढच्या खळगीकडे सरकतो. माणसाने एवढ्या खळग्या पाहायच्या म्हटलं तर त्याचे डोळे पांढरे होतील. मला काहीच होत नाही.

मला खोक्यातून बाहेर काढणारे सर तेव्हा तरुण होते, केस काळेभोर होते. मला त्यांनी एका भिंतीपाशी बसवलं. समोर उभं राहिलं की खिडकी डाव्या हाताला. प्लेटचा एक कोपरा तिरपा कापलेला असतो, तो डावीकडे ठेवायचा, म्हणजे पहिली खळगी कुठली ते मला कळतं. पण लोक डावं-उजवं विसरायचे आणि प्लेट उलटी बसवायचे. शेवटी सरांनीच सोपा नियम काढला. "कापलेला कोपरा खिडकीकडे! बस्स, डोकं चालवू नका." त्या दिवसापासून चूक झाली नाही. जो नवा येई त्याला दादा नाव विचारायच्या आधी हे वाक्य शिकवायचा. लोक झोपेतून उठवलं तरी म्हणतील इतकं ते तोंडी बसलं होतं.

माझे ते दिवस मोठ्या मानाचे होते. पाहुणे आले की आधी माझ्याकडे आणले जायचे. सर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "हा आमचा डोळा." मी पाहिलेल्या पेशींचे फोटो भिंतीवर लागले. खोटं कशाला बोलू, मी फुगलो होतो.

मग एक दिवस तो आला. नवा, पांढराशुभ्र, अंगावर काचेचा पडदा, आवाज म्हणून नाही. त्याच्यासाठी समोरची भिंत रिकामी केली आणि दोघांची तोंडं एकमेकांकडे आली. बसवायला आलेला इंजिनिअर प्लेट कशी ठेवायची ते दाखवायला लागला, तर सर म्हणाले, "कोपऱ्याचं आम्हाला नका शिकवू हो, इथे आम्ही मुरलेलो आहोत. चला, चहा घेऊ." आणि त्याला घेऊनच गेले.

झालं! सगळी प्रयोगशाळा त्याच्या मागे. कुणी त्याच्यासाठी मऊ फडकं आणतंय, कुणी त्याच्याजवळ हळू बोला म्हणतंय. संशोधन करणारी चष्मा लावलेली एक मुलगी होती, मी तिला चष्मेवाली म्हणतो, तिने त्याचं नाव ठेवलं जावईबापू. माझ्यावर आवरण पडलं, आवरणावर धूळ पडली, धुळीवर रिकामी खोकी आली. मासेवाला तर माझ्या मानेवर आपला कोट टांगायचा. ओला कोट! माझ्या अंगाची लाही लाही व्हायची.

माझ्याकडे येणारी एकटी चष्मेवाली उरली. ही सरांच्याच हाताखाली संशोधन करत होती. चष्मा सारखा नाकावरून घसरायचा आणि बोलणं सरळ तोंडावर. मला ती आजोबा म्हणायची. एका आजारात मज्जापेशींमध्ये चिकट गाठी साठतात आणि पेशी हळूहळू मरतात. तिने त्या गाठींना हिरवा रंग लावला होता. ज्या औषधाने गाठी विरघळतील त्या खळगीत हिरवं दिसणार नाही, पण पेशी धडधाकट असतील. असं औषध शोधण्यात तिची कितीतरी वर्षं गेली. प्लेटमागून प्लेट, आणि सगळीकडे हिरव्या गाठी.

आणि एका दुपारी मला ती खळगी दिसली. कापलेल्या कोपऱ्याजवळची. पेशी टवटवीत आणि गाठीचा मागमूस नाही! मी फोटो पडद्यावर टाकला. चष्मेवाली खुर्चीतून उठलीच. "आजोबा," ती म्हणाली, "परत दाखवा." मी परत दाखवला. तिने चष्मा काढून डोळे पुसले आणि पळत सरांकडे गेली.

सर म्हणाले, "छान. आता नव्यावर खात्री करून घे."

तिने तीच प्लेट जावईबापूला दिली. त्याने ती खळगी पाहिली आणि फोटो दिला, तो हिरव्या गाठींनी गच्च! वर सांगितलं काय, तर गाठी नसलेली खळगी आहे, पण ती पार समोरच्या टोकाला. तिच्यात औषध दुसरंच.

तिने पुन्हा केलं. मी माझ्या जागी ठाम, तो त्याच्या जागी ठाम. मलाही काही उमजेना. मी जे पाहिलं तेवढंच मला माहीत होतं.

सर आले, त्यांनी दोन्ही फोटो पाहिले आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "म्हाताऱ्याची नजर गेली. अगं, नवा कसा चुकेल?"

"सर, आजवर कधी चुकले नाहीत ते."

"आजवर नवाही कधी चुकला नाही."

"त्याला आजवर कुणी ताडूनच पाहिलं नाही, सर!"

"हे बघ," सर वैतागले, "यंत्रावर माया करायची नसते. समोरच्या टोकाचं औषध पुढे न्यायचं. तुझ्या त्या औषधाची बाटली शीतपेटीतून काढून टाक, जागा हवी आहे. आणि दादा, हा हलवायची तयारी कर."

दादाने खाली मान घातली आणि माझ्या छातीवर लाल चिठ्ठी डकवली. तिच्यावर लिहिलं होतं: भंगार.

मित्रांनो, भंगाराचं मला काही वाटलं नाही. लोखंड आहे मी, कधीतरी जाणारच. पण नजर गेली? मी चुकीचं पाहिलं? ज्या औषधाने माणसं वाचतील ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि ते माझ्याबरोबर कचऱ्यात चाललं होतं! वर माझ्यावरच खापर! मला तोंड असतं तर मी सरांना ऐकवलं असतं. तोंड नव्हतं, म्हणून मी पंखा जोरात फिरवला. दादा म्हणाला, "बघा, हाही चिडलाय." 

दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मेवाली एक प्लेट घेऊन आली. आज तिने सरांना, वनस्पतीवाल्यांना, मासेवाल्याला, सगळ्यांना हात धरून बोलावून आणलं होतं. तिची प्लेट नेहमीसारखीच होती, फक्त कापलेल्या कोपऱ्याजवळच्या काही खळग्या तिने मुद्दाम रिकाम्या ठेवल्या होत्या. पेशींचं पाणी गुलाबी असतं, त्यामुळे कुठल्या खळग्या कोऱ्या आहेत ते उघड्या डोळ्यांना दिसत होतं.

"आता दोघांनाही विचारूया, रिकामं कुठे आहे," ती म्हणाली.

दादाने माझ्यावरची खोकी खाली ठेवली, कोट काढला, आवरण झटकलं. प्लेट माझ्या पोटात गेली. झाकण दोनदा दाबावं लागलं. मी निळा झोत टाकला आणि एकेक खळगी पाहत गेलो. मान करकरली, पण सरकलो बरोबर. पडद्यावर काळी चौकट आली ती कापलेल्या कोपऱ्याजवळ.

मग प्लेट जावईबापूकडे गेली. काळी चौकट आली ती समोरच्या टोकाला.

"पाहिलंस?" सर म्हणाले. "दोघांचं जुळत नाही. म्हणजे तुझा म्हातारा..."

"सर, पडदा सोडा. प्लेट हातात घ्या."

सरांनी प्लेट उजेडाकडे धरली. गुलाबी, गुलाबी, आणि कोऱ्या खळग्या अगदी कापलेल्या कोपऱ्याला लागून. त्यांनी प्लेट दादाला दिली आणि हळूच म्हणाले, "परत बसव. नव्यावर. मला बघू दे."

दादा जावईबापूसमोर उभा राहिला. सवयीने पुटपुटला, "कापलेला कोपरा खिडकीकडे," आणि प्लेट ठेवायला हात पुढे केला. तो हात तिथेच थांबला. त्याने खिडकीकडे पाहिलं. मग वळून माझ्याकडे पाहिलं.

"अहो सर," दादा म्हणाला, "इथून खिडकी उजवीकडे येते की हो!"

वनस्पतीवाल्याने डोक्याला हात लावला. "अरे देवा, म्हणजे माझ्या सगळ्या प्लेटा?" मासेवाला घाईघाईने आपल्या नोंदी चाळू लागला. नवा आल्यापासून प्रत्येकाची प्रत्येक प्लेट उलटी बसत होती. प्लेटच्या दोन्ही बाजूंच्या अगदी शेवटच्या ओळीत औषध न घातलेल्या साध्या पेशी ठेवायची पद्धत असल्यामुळे उलटी प्लेटही सुलटीसारखीच दिसायची, म्हणून कुणाला काही खटकलंही नव्हतं. आणि ताडून पाहायला माझ्याकडे यायची कुणाला गरज वाटली नव्हती.

जावईबापूचा यात दोष नाही हो. त्याला उलटं दिलं, त्याने उलटं पाहिलं. माझा राग त्याच्यावर नव्हताच. उलटं द्यायचं तुम्ही, आणि खोटे ठरायचे आम्ही, हा कुठला न्याय?

सरांनी एकदा खिडकीकडे पाहिलं. नियम त्यांचाच होता ना. मग ते चष्मेवालीकडे वळले. आवाज अगदी खाली आला होता.

"ती बाटली. तुला टाकायला सांगितली होती."

"हो, सर."

"टाकलीस?"

चष्मेवालीने चष्मा वर सारला आणि सरळ त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. "नाही, सर. तुम्ही सांगितलं होतं, पण मी नाही टाकली. आजोबांनी जे पाहिलं ते मी पण पाहिलं होतं."

मला वाटलं, आता सर भडकणार. सर खुर्चीवर बसले, चेहऱ्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "माझं ऐकलं नाहीस, फार बरं केलंस, पोरी. जा, घेऊन ये."

ती गेली. सर उठून माझ्यापाशी आले. त्यांचे केस आता पांढरे झालेत, हे मला तेव्हा इतक्या जवळून दिसलं. त्यांनी माझ्या छातीवरची लाल चिठ्ठी ओढली. अर्धी निघाली, अर्धी चिकटून राहिली. ते नखाने खरवडत बसले.

त्या औषधाचं पुढे काय होईल, मला माहीत नाही. पेशीपासून माणसापर्यंतची वाट फार लांब आहे, आणि मी काही भविष्य पाहत नाही, फक्त समोरची खळगी पाहतो. पण आता नव्यावर दिसलेलं माझ्यावर ताडून पाहतात. माझ्या झाकणाला नवी बिजागरी लागली आहे. मासेवाला कोट खुंटीला लावतो. आणि दादा नव्या मुलांना अजून शिकवतो, पण वाक्य बदललं आहे: "कोपऱ्याकडे आधी बघ, मग ठेव."

म्हणून मित्रांनो, आमची धूळ पुसा, पण एवढ्यावर भागत नाही. जुनं यंत्र तुमच्या मनाविरुद्ध काही दाखवू लागलं, तर त्याला वेडं ठरवायच्या आधी एकदा आपलाच हात तपासा. त्याला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या बाजूने कुणीतरी भांडलं पाहिजे.

तो लाल चिठ्ठीचा अर्धा तुकडा अजून माझ्या छातीवर आहे. दादा स्पिरिट घेऊन पुसायला आला होता, चष्मेवालीने पुसू दिला नाही. बरं केलं तिने. एक दिवस पुरी चिठ्ठी लागेल, गाडी येईल आणि मी जाईन. खुशाल जाईन. पण माझी नजर गेली म्हणून मला नेलं, असं म्हणायची तेव्हा कुणाची छाती होणार नाही.