भोंग्याचा आवाज सांभाळणारी टेप

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे आणि स्वभावाने फार भित्री आहे. माझ्या अंगावर हेवी मेटल नावाचे संगीत भरलेले आहे. ते सुरू झाले की शेजारी धडाधड खिडक्या लावून घेत आणि मांजरे पलंगाखाली शिरत. असल्या संगीताची टेप वाघासारखी शूर असेल, असे तुम्हाला वाटेल. पण नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!

एका कारखान्यात माझा जन्म झाला. लांबच लांब पातळ फितीवर तपकिरी लेप दिला आणि ती चकरीवर गुंडाळली, झाले माझे बारसे. आवाज राहतो तो त्या लेपात. लोहचुंबक जवळ आले की आवाज पुसला जातो, दमट हवा लागली की लेप चिकट होतो आणि सुटून येतो. म्हणजे डोळे उघडायच्या आधीच दोन वैरी मागे लागलेले. तेव्हापासून मी जीव मुठीत धरूनच जगते आहे.

मला नेले ते एका तळघरात. भिंतींना जुन्या सतरंज्यांचे तुकडे ठोकले होते आणि आवाज नोंदवायचे यंत्र एक बाई चालवत होत्या. सगळे त्यांना मावशी म्हणत. समोर चार जणांचा बँड होता. दोघे गिटारवाले अबोल होते. ढोल बडवणाऱ्याला धडाम म्हणत आणि गाणाऱ्याला भोंगा. ही नावे कोणी ठेवली ते ठाऊक नाही, पण ज्याने ठेवली त्याचे कान शाबूत होते.

या चौघांना एक अल्बम करायचा होता, तोही स्वतःची गाणी सोडून दुसऱ्यांची गाणी आपल्या पद्धतीने वाजवून. त्यात एक विरहगीत होते, शाळेच्या कवायतीचे गाणे होते, साबणाच्या जाहिरातीचे गाणे होते आणि एक अंगाईसुद्धा होती. ती अंगाई भोंग्याने अशी काही गायली की बाळ झोपायचे राहिले बाजूला, घर सोडून पळाले असते. त्याची पहिली डरकाळी माझ्यावर उमटली तेव्हा मी चकरीला घट्ट बिलगले.

मावशींची एक रीत होती. गाणे संपले तरी त्या यंत्र थांबवत नसत. पोरांचे मन लागलेले असताना मध्ये खटका वाजायला नको, असे त्या म्हणायच्या. त्यामुळे दोन गाण्यांच्या मधली बडबडही माझ्यावर नोंदली जाई. ती नंतर ब्लेडने कापून टाकायची असते. ब्लेड मावशींच्या टेबलावरच पडलेले असे आणि मी चकरीवर फिरता फिरता त्याच्याकडेच बघत असे.

पण ब्लेड लागायची वेळच आली नाही. दुसऱ्याचे गाणे वापरायचे तर त्याची परवानगी लागते. अंगाई रचणाऱ्या आजोबांनी ऐकले मात्र, ते उठूनच उभे राहिले. "माझ्या लेकराला रणगाड्यात बसवलंत!" म्हणाले आणि निघून गेले. बाकीच्यांनीही नकार दिला. अल्बम बारगळला. बारगळलेल्या टेपा पुसून पुन्हा वापरायच्या, हा त्या तळघराचा नियम होता. माझे धाबे दणाणले.

मावशींनीच मला धडामच्या हातात कोंबले. "घेऊन जा रे, नाहीतर मालक पुसून टाकतील."

धडामने मला घरी नेले आणि कौतुकाने ठेवले कुठे, तर त्याच्या भल्यामोठ्या स्पीकरवर! स्पीकरच्या पोटात हे एवढे लोहचुंबक असते. वाजवणारी माणसे हाताला येईल ते स्पीकरवरच ठेवतात, चहाचा कपसुद्धा. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. सुदैवाने भोंगा तिथे आला.

"अरे माठ्या, चुंबकावर ठेवलीस होय? सगळं पुसलं जाईल ना!" असे म्हणत त्याने मला उचलले आणि आपल्या घरी कपाटावर नेऊन ठेवले.

तिथे मी वर्षानुवर्षे पडून राहिले. बँड मोडला. भोंग्याचे लग्न झाले, मुलगी झाली. ती रांगत होती तेव्हा त्याच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण स्वरयंत्र काढावे लागले. घशाला लावून बोलायचे एक यंत्र त्याला मिळाले होते. त्यातून येणारा आवाज कोणाचाही असू शकतो, म्हणून त्याने ते खणात टाकले आणि तो पाटीवर लिहून बोलू लागला. खाली घरात टाचणी पडली तरी ऐकू येई. आता त्याचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता, माझ्या अंगावर. आणि इकडे दमट हवेने माझा लेप चिकट होत चालला होता. मी कोणाला सांगणार?

मुलगी शाळेत जाऊ लागली. एकदा कपाटावर रंगांची पेटी शोधताना तिला मी सापडले, खोक्यावर भोंगा आणि धडाम अशी नावे लिहिलेली. तिने मला घेऊन थेट धडामकाकाचे दुकान गाठले. धडाम आता पाव आणि बिस्किटे करत असे.

"काका, यात बाबांचा आवाज आहे?"

"आहे म्हणजे? खच्चून भरलाय!"

त्याने उत्साहाने मावशींकडचे जुने यंत्र आणले आणि कोणालाही न विचारता मला त्यावर चढवले. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! मी किंचाळले, अडखळले आणि यंत्राला चिकटले. साबणाच्या गाण्याचा सुरुवातीचा लेप तपकिरी चिखल होऊन निघाला, तो कायमचा गेला.

यंत्र कशाला नेले ते कळताच मावशी धावत आल्या. "हात लावू नकोस! आधी मंद आचेवर शेकायला हवी. मग थोडे दिवस वाजेल. तेवढ्यात नक्कल करून घ्यायची."

धडामकडे फळांच्या चकत्या सुकवायचे कपाट होते. त्यात मला ठेवले. आच थोडी वाढली तर मी वितळणार, कमी पडली तर पुन्हा चिकटणार. धडाम तापमापकावरून नजर हलवत नव्हता. त्या दिवशी त्याचे पाव करपले, पण तो जागचा उठला नाही.

भोंगा आला तो तोंड पाडून. त्याने पाटीवर लिहिले, "नका लावू. पोर मला घाबरेल."

"बाबा, मी नाही घाबरणार," मुलगी म्हणाली.

मावशींनी मला यंत्रावर चढवले आणि नक्कल करायला संगणक जोडला. मी फिरू लागले. प्रत्येक फेऱ्याला वाटत होते, आता तुटेन. अंगाई सुरू झाली आणि भोंग्याची ती डरकाळी खोलीत घुमली. मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने धडामकाकाची बाही गच्च धरली. ते पाहून भोंग्याने बंद करायच्या बटणाकडे हात नेला. मावशींनी तो हात धरला.

"थांब. गाणं संपू दे."

गाणे संपले. मी फिरतच होते. मग एक मऊ, जरासा दमलेला आवाज आला.

"धडाम, हळू बडव रे. मलाच भीती वाटते तुझी. मावशी, पाणी आहे का थोडं? तुम्ही सगळे जेवलात का?"

मुलीने बाही सोडली. "हे कोण बोललं?"

भोंग्याने हळूच स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

मुलगी यंत्राला अगदी चिकटून बसली. "गाणं नको," ती म्हणाली. "जेवलात का, तेवढंच परत लावा."

मित्रांनो, मावशींनी तेवढेच परत लावले, पुनःपुन्हा लावले. लेप झिजेल म्हणून माझा थरकाप होत होता, तरी मी फिरत राहिले. आमच्यासारख्या टेपा तुमच्या घरी असतील तर त्यांना कोरड्या जागी ठेवा आणि घाईने वाजवू नका. पण त्याआधी एक करा. आत कोणी तुम्हाला जेवायला हाक मारत असेल, तर माझी गोष्ट इथेच सोडा आणि ओ द्या.