साफ रिपोर्ट

रिछाई या औद्योगिक वस्तीतल्या सलवार-सूटच्या कारखान्यात अंजनी बावीस वर्षं शिलाई तपासत आली होती. तिच्या बोटांतून दोऱ्याची गाठ सहसा निसटायची नाही. एका सकाळी आंघोळ करताना त्याच बोटांना उजव्या स्तनात वाटाण्याएवढं काहीतरी टणक लागलं.

दोन दिवसांनी मुलगी प्रणाली तिला हॉस्पिटलात मॅमोग्राफीला घेऊन गेली. तिथल्या सेंटरवर फोटो आधी कॉम्प्युटर वाचायचा आणि संशयाच्या जागी खूण करायचा. तरुण डॉक्टर अनुपमनं स्क्रीन अंजनीकडे वळवला.

"काकू, खूण फक्त डावीकडे आहे, अन् तो कॅल्शियमचा साधा कण आहे. उजवीकडे साफ. वर्षभरानं या."

"पण गाठ उजवीकडे आहे."

"कॉम्प्युटरनं नाही पकडली. मलाही दिसून नाही राहिली."

"माझ्या हाताला लागून राहिली ना. तुम्ही काहून हात लावून पाहिला नाही?"

प्रणालीनं तिचं कोपर ओढलं. "चलो ना आई, मशीन बोल रही है तो ठीक ही होगा."

अंजनी हलली नाही. "मग असं लिहून द्या, डॉक्टरसाहेब. बाईनं गाठ सांगितली, आम्ही तपासली नाही. खाली सही करा. मी चालली जाते."

अनुपमला लिहवेना. तो आत गेला आणि मोठ्या डॉक्टर शैलजाताईंना घेऊन आला. त्यांनी पडदा ओढून तपासलं. त्यांची बोटं एका जागी थांबली, तिथंच पुन्हा फिरली.

"ही घट्ट, फोटोत पांढरी दिसणारी छाती आहे, अनुपम. गाठही पांढरीच दिसते. कॉम्प्युटर इथं चुकतो, आपणही चुकतो. हाताला लागली की फोटो साफ असला तरी सोडायचं नसतं."

लगेच सोनोग्राफी झाली. गाठ दिसली. सुई टाकून तुकडा काढला. आठ दिवसांनी रिपोर्ट आला तो कॅन्सरचाच. पण गाठ लहान होती आणि काखेपर्यंत पोचलेली वाटत नव्हती.

प्रणाली रडायला लागली. अंजनीनं खुर्ची पुढे ओढली.

"ऑपरेशन कधी करता?"

"याच आठवड्यात," शैलजाताई म्हणाल्या.

अनुपम दारापाशी उभा होता. "काकू, माफ करा मला."

"माफीचं नंतर पाहू," अंजनी म्हणाली. "बाहेर चार बाया बसल्या आहेत. जा, अन् त्यांना आधी विचारा, कुठं काय लागून राहिलं ते."

तो गेला.